साच्यांत नसलेला हात

पेणच्या मुलांस साचा म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. श्रावण येण्याच्या कितीतरी आधीं गणपतीच्या कारखान्यांत कोठें शाडू साच्यांत दाबला जात असतो, कोठें प्लॅस्टर ओतलें जात असतें, आणि शाळेंतून घरीं जातां जातां मुलें तें दाराशीं उभीं राहून पाहत असतात. मूर्तीचा हात कोठें यावयाचा, सोंड कोणत्या बाजूस वळावयाची, हें साच्यानेंच ठरविलेलें असतें. रंगारी त्यांत भर घालूं शकत नाहीं. आतां समजा, एखाद्या साच्यांत उजवा हातच नाहीं, आणि रंगाऱ्यास मात्र आज्ञा मिळाली आहे कीं, उजव्या हातांत सोन्याचें कडें रंगव. तो मूर्ति उलटसुलट करून पाहील आणि ओरडेल, "अहो, हिला उजवा हात नाहीं!" त्याचें म्हणणें अक्षरशः खरें, परंतु हात कां नाहीं हें त्यास सांगतां येणार नाहीं. तें विचारण्यासाठीं साचा करणाऱ्याच्या घरीं जावें लागेल. आमच्या शाळेंतील संगणक सन २०२५ च्या डिसेंबरांत नेमके असेच ओरडत होते, आणि साचा करणाऱ्याचें घर निघालें रोह्यास.

या यंत्रांची हकीकत आधीं थोडक्यांत सांगितली पाहिजे. तीं बारा असून शाळेस देणगीदाखल मिळालेलीं, वयानें जुनीं व स्मृतीनें तोकडीं. त्यांवर विंडोज १० ही प्रणाली चालत असे. तिच्या मालक कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशीं तिची नित्याची देखभाल थांबविली, आणि तिची धाकटी बहीण या जुन्या घरीं नांदावयास तयार नव्हती. तेव्हां यंत्रें भंगारांत काढावीं असा विचार समितींत निघाला. भंगारवाल्यानें भावहि सांगून ठेविला.

पालकांपैकीं कित्येकांस वाटेल, गेलीं जुनीं यंत्रें तर गेलीं, त्यांत एवढें काय? परंतु सन २०२५ पासून इयत्ता अकरावीचे प्रवेश संबंध महाराष्ट्रांत ऑनलाइन झाले आहेत. आमच्या शाळेंत डोंगराकडच्या ठाकूर व कातकरी वाड्यांवरून येणारीं मुलें आहेत. त्यांच्या घरीं फोन असलाच तर एक असतो, आणि तो बापाबरोबर वीटभट्टीवर जातो. असा मुलगा अर्ज भरावयास बाजारांतील दुकानीं जातो, पैसे देतो. नांवांत एक अक्षर चुकलें तर पुनः जातो, पुनः पैसे देतो. ज्या मुलानें संगणकास कधीं हात लावला नाहीं त्यानें आपल्या पुढच्या दोन वर्षांचा निर्णय परक्याच्या बोटांनीं, घाईघाईनें, दुकानाच्या फळीवर करावा, हें आम्हांस पाहवत नसे. समितीनें शेवटीं एवढें मान्य केलें कीं, नाताळच्या सुटीनंतर शाळा उघडेल तोंवर यंत्रें जाळ्याशीं जोडलेलीं दिसलीं तर ठेवूं, नाहीं तर विकूं.

दिवाळीच्या सुटींतच आमचा एक माजी विद्यार्थी मदतीस येऊन गेला होता. तो रोह्यास राहतो व धाटावच्या एका कारखान्यांत उपकरणांची देखरेख करतो. त्यानें सर्व यंत्रांवर लिनक्स बसविलें. लिनक्स हें फिनलंडमध्यें हेलसिंकीच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोर्व्हाल्ड्स या तरुणानें १९९१ सालीं आरंभिलेलें काम. आज जगांतील हजारों माणसें तें मिळून वाढवितात, आणि तें कोणासहि विनामूल्य घेतां येतें, उघडून पाहतां येतें, आपल्या सोयीप्रमाणें बदलतां येतें. त्याच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. हा गाभा बांधण्यापूर्वीं एक यादी भरावी लागते. हें हवें काय, तें हवें काय, असे दहा हजारांहून अधिक पर्याय तींत आहेत. बहुतेकांपुढें 'होय' किंवा 'नको', आणि पुष्कळ ठिकाणीं 'वेगळें ठेवा, लागेल तेव्हां घेऊं' असें उत्तर देतां येतें. आमच्या माजी विद्यार्थ्यानें मोठ्या कळकळीनें ही यादी छाटली. जीं उपकरणें आमच्या यंत्रांत नाहींत त्यांचीं नांवें त्यानें काढून टाकलीं. गाभा आटोपशीर झाला, यंत्रें चपळ झालीं.

राहिलें तें जाळें. संगणकांची खोली मागच्या इमारतींत. कार्यालयांतून तेथें जाणारी तार पावसाळ्यापूर्वीं गटाराच्या खोदकामांत तुटली, आणि अंगण पुनः खणण्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. पालकांनीं वर्गणी करून बिनतारी जोडणीचे बारा डोंगल आणले. डोंगल म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी वस्तु. ती आणि गाभा यांच्यामध्यें एक दुभाष्या लागतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. पुष्कळ ड्रायव्हर गाभ्याबरोबरच येतात. आमच्या डोंगलचा तसा आला नव्हता; त्याचा मूळ पाठ वेगळा मिळाला, व तो आमच्या गाभ्याच्या मापानें बांधून घ्यावयाचा होता. आज्ञा दिली. पडद्यावर ओळींचा पूर आला आणि बांधणी मोडली.

बांधणी मोडली म्हणजे पडद्याच्या तळाशीं जी शेवटची ओळ उरते ती वाचून बहुतेक माणसें हताश होतात. ती ओळ प्रगतिपुस्तकाच्या तळाशीं लिहिलेल्या 'नापास' या शब्दासारखी असते. मूल कोणत्या उदाहरणावर अडलें हें तिच्यावरून कळत नाहीं. खरी तक्रार पुष्कळ वर, पहिल्या चुकीपाशीं असते. खालच्या बहुतेक तक्रारी त्या पहिल्या चुकीचीच पिलावळ.

हें आम्हीं वर्गांत सांगितलें तेव्हां इयत्ता नववींतील एक मुलगी पुढें आली. ती आमच्या वसतिगृहांत राहते व शनिवारीं रोह्यास घरीं जाते. बोलणें बेताचें, पण हातीं घेतलेलें काम सोडीत नाहीं. तिनें पडदा वर वर नेला, आणि पहिल्या चुकीवर बोट ठेवून ती इंग्रजी ओळ अडखळत वाचली. अर्थ असा: 'नेट-डिव्हाइस या रचनेंत वायरलेस-हँडलर्स नांवाचा मेंबर नाहीं.'

"सर, मेंबर म्हणजे सभासद ना? मग हा कोणाचा सभासद?"

आम्ही भाषेचे शिक्षक. यंत्राविषयीं नाहीं तरी शब्दाविषयीं आम्हांस सांगतां येण्यासारखें होतें. मेंबर या शब्दाचा मूळ अर्थ अवयव असा आहे. मंडळीचा सभासद म्हणजे त्या मंडळीच्या देहाचा अवयव, म्हणून त्यासहि मेंबर म्हणूं लागले. मुलगी क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, "म्हणजे साच्यांत हात नाहीं." आरंभीं दिलेला दृष्टान्त आमचा नव्हे, तो तिचा आहे.

नेट-डिव्हाइस हा गाभ्यांतील खरोखरच एक साचा आहे. जाळ्याशीं जोडावयाच्या प्रत्येक उपकरणासाठीं त्या साच्यांतून एक मूर्ति निघते, आणि ड्रायव्हर तिच्या अवयवांत आपल्या गोष्टी भरतो. साचा ज्या पाठांत लिहिला आहे तो आम्ही दोघांनीं उघडला. पाहतों तों वायरलेस-हँडलर्स हें नांव तेथें स्पष्ट होतें! मग यंत्र खोटें बोलत होतें काय? नाहीं. त्या नांवाच्या वर एक ओळ होती व खालीं एक. वरच्या ओळीचा अर्थ, 'कॉन्फिग-वायरलेस-एक्स्ट हा पर्याय चालू असेल तरच'. खालच्या ओळीचा अर्थ, 'येथपर्यंत.' पर्याय बंद असला कीं या दोन ओळींमधील मजकूर बांधणीच्या वेळीं आधींच गळून जातो. आमच्यासारख्या माणसास कागदावर हात दिसतो, पण यंत्राच्या साच्यांत तो कधीं आलेलाच नसतो.

तेव्हां हा पर्याय कोणी बंद केला हें शोधूं लागलों. भरलेली यादी एका साध्या फाइलींत असते. चालू पर्यायापुढें होकाराची खूण असते. बंद पर्यायाची ओळ मोठी गमतीची: तिच्या आरंभीं चार रेघांचें जाळीसारखें चिन्ह, आणि पुढें 'अमुक पर्याय लावलेला नाहीं' असें इंग्रजी वाक्य. अशा फाइलींत तें चिन्ह आलें कीं ती ओळ केवळ माणसासाठीं आहे, यंत्रानें सोडून द्यावी, असा संकेत असतो. येथें मात्र यादी वाचणारें साधन तें वाक्य ओळखतें व त्याचा नकार पाळतें. आम्हीं ती सर्व फाइल धुंडाळली. वायरलेस-एक्स्ट चालू असल्याची ओळ नव्हती. बंद असल्याचीहि नव्हती.

मुलीस हें चमत्कारिक वाटलें. आम्हीं तिला टेबलावरचा हजेरीपट दाखविला. हजर मुलापुढें एक खूण, गैरहजर मुलापुढें दुसरी. परंतु ज्याचें नांवच पटावर घातलेलें नाहीं, तो हजर नाहीं आणि गैरहजरहि नाहीं. वर्गांत मात्र त्याची जागा रिकामी. "मग त्याचें नांव पटावर कोण घालतें?" तिनें विचारलें. याचें उत्तर पेणेंत नव्हतें.

त्या शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिच्याबरोबर रोह्याची गाडी धरली. कासू, नागोठणें, निडी करीत गाडी रोह्यास पोंचली. तेथें मध्य रेल्वे संपून कोंकण रेल्वे सुरू होते. स्टेशनावर तिचे वडील आले होते. त्यांना घेऊनच आम्ही माजी विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. त्यानें आमच्या यंत्रांचा गाभा याच घरीं बांधला होता, व त्याची सर्व सामग्री त्याच्या संगणकावर जशीच्या तशी होती.

त्यानें यादी भरण्याचें साधन उघडलें, शोधाची कळ दाबली व वायरलेस-एक्स्ट हें नांव घातलें. तेव्हां आम्हां सर्वांच्या ध्यानांत आलें कीं या पर्यायास स्वतःचा प्रश्नच नाहीं! 'हवें काय' असें त्याच्याविषयीं कोणी कोणास विचारीतच नाहीं. त्याखालीं लिहिलें होतें, 'याची निवड पुढील करतात', आणि त्यांत इंटेलच्या आयपीडब्ल्यू २१०० व आयपीडब्ल्यू २२०० या दोन कार्डांचीं नांवें होतीं. हीं कार्डें २००३ च्या सुमारास व त्यानंतर कांहीं वर्षें लॅपटॉपमध्यें बसविलीं जात. त्यांच्यासारख्या एखाद्या जुन्या कार्डास यादींत होकार मिळाला कीं वायरलेस-एक्स्ट मागोमाग आपोआप चालू होतो. असा एकहि होकार नसला कीं त्याचें नांवहि फाइलींत उरत नाहीं. आमच्या फाइलींत आयपीडब्ल्यू २२०० पुढें नकाराची ओळ होती. ती आम्हीं पेणेंतहि पाहिली होती. परंतु त्या कार्डाचा आमच्या डोंगलशीं कांहीं संबंध असेल असें कोणास वाटावें?

"सर, मी तर त्या पर्यायास हातहि लावला नाहीं," माजी विद्यार्थी खिन्न होऊन म्हणाला. तें खरेंच होतें. अंगणांतील एक खुंटी निरुपयोगी म्हणून कोणी उपटतो, आणि पलीकडच्या दोरीवरचे कपडे चिखलांत पडतात. दोरी त्या खुंटीस बांधली आहे हें उपटणाऱ्यास दिसत नसतें. आमच्या मतें त्याच्या छाटणींत कांहीं वावगें नव्हतें. तीन महिन्यांपूर्वीं आमच्याजवळ एकहि डोंगल नव्हता.

आतां उपाय. माजी विद्यार्थ्यास सर्वांत सरळ वाटला तो हा: आयपीडब्ल्यू २२०० ला होकार द्यावा, गाभा रात्रभर पुनः बांधावा, आणि पेणेस येऊन बाराहि यंत्रांवर नवा बसवावा. यानें काम होईल यांत शंका नव्हती. परंतु मुलगी म्हणाली, "पण दादा, तें कार्ड आपल्याकडे नाहींच ना? मग पुढें कोणीतरी पुनः यादी साफ करील आणि तें नांव काढून टाकील." खोलींत जरा शांतता पसरली. तिचे वडील, ज्यांस या सर्व प्रकरणांतील एक अक्षरहि समजत नव्हतें, तेहि यावर मान हलवूं लागले.

दुसरा मार्ग ड्रायव्हरच्या पाठांत होता. साचा करणाऱ्यांनीं 'पर्याय चालू असेल तरच' अशी अट हातावर घातली आहे. तर कडें रंगविणाऱ्यानेंहि तीच अट आपल्या ओळीवर घालावयास नको काय? आमच्या ड्रायव्हरच्या कर्त्यांनीं ती घातली नव्हती. मात्र तसें करण्यापूर्वीं एक गोष्ट पाहणें जरूर होतें: तो अवयव वगळला तर डोंगल लंगडा तर पडणार नाहीं? पाठ वाचतां असें दिसलें कीं हा ड्रायव्हर दोन बोली बोलतो. एक वायरलेस एक्स्टेन्शन्स ही जुनी, जी जाँ तूरिल यांनीं ह्युलेट-पॅकार्ड कंपनीच्या आश्रयानें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रचली. दुसरी सीएफजी-८०२११ ही नवी, जी पुढें तिच्या जागीं आली. आमच्या प्रणालींतील जोडणीचीं साधनें नवी बोलीच वापरतात. वायरलेस-हँडलर्स हा केवळ जुन्या बोलीचा अवयव. तो नसल्यानें आमचें कांहींच अडणार नव्हतें. अडत होतें तें इतकेंच कीं नसलेल्या अवयवास हात घालण्याची आज्ञा पाठांत उभी होती.

मुलीनें त्या आज्ञेच्या वर अटीची ओळ लिहिली, खालीं 'येथपर्यंत' लिहिलें. येथेंहि ओळीच्या आरंभीं तेंच जाळीचें चिन्ह येतें, पण अर्थ अगदीं निराळा. यादींत तें टिपणाची खूण, येथें तें बांधणीस दिलेल्या हुकुमाचें पहिलें अक्षर. बांधणी पुनः सुरू केली. या वेळीं ती मोडली नाहीं, पण एक इशारा आला: 'अमुक तक्ता तयार केला आहे, त्याचा उपयोग कोठेंच नाहीं.' माजी विद्यार्थी म्हणाला, "राहूं दे, इशाऱ्यानें कांहीं बिघडत नाहीं." मुलीस तें पटलें नाहीं. हात वगळला तर त्याच्यासाठीं घोटून ठेविलेला रंग तरी कशाला, असें म्हणून तिनें त्या तक्त्यासहि तशाच दोन ओळींचें कुंपण घातलें. एकूण चार ओळी. तिसरी बांधणी मुकाट्यानें पार पडली. एव्हांना तिची आई दोनदां बोलावणें पाठवून चुकली होती.

हा दोष कर्त्यांच्या ध्यानांत आधीं कां आला नाहीं, असें आमच्या एका सहकारी बंधूंनीं विचारलें. सर्वसाधारण लोक जे तयार गाभे वापरतात त्यांत जुन्या कार्डांस होकार दिलेला असल्यानें तो पर्याय बहुधा चालूच असतो, व जें दार नेहमीं उघडें असतें तें बंद असतां काय होईल हें कोणी पाहत नाहीं. गाभ्यांत सामील असलेल्या ड्रायव्हरांची स्थिति बरी आहे. तेथें यादीचीं उत्तरें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वाटेल तशीं भरून गाभा बांधून पाहण्याची सोय आहे. इंटेल कंपनीचा एक यंत्रमानव अहोरात्र अशा बांधण्या करून मोडतोड कळवीत असतो, आणि आर्न्ड बेर्गमान यांच्यासारख्या गृहस्थांनीं अशा आडवाटेच्या बांधण्या दुरुस्त करण्यांत वर्षांनुवर्षें घालविलीं आहेत. जो ड्रायव्हर गाभ्याबाहेर राहतो तो या पहाऱ्याच्या बाहेर राहतो. शिवाय गाभ्याच्या आंतील साचे आज आहेत तसेच उद्यां राहतील असें वचन गाभ्याचे कर्ते कोणासच देत नाहींत. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनीं तसें स्पष्ट लिहून गाभ्याबरोबरच ठेवलें आहे. हें वाचून आमच्या सहकाऱ्यांस तो मोठा अन्याय वाटला. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यास आंतल्या घरांत वावरावयाचें आहे त्यानें आंत येऊन राहावें, म्हणजे भिंत हलवितांना घरची माणसें त्याचीहि आठवण ठेवतात.

सोमवारीं तयार झालेला ड्रायव्हर पेणेस आणला. बाराहि यंत्रांचा गाभा एकच असल्यामुळें तो पुनः बांधावा लागला नाहीं. एकाचा बाकीच्यांवर उतरवून घेतला. दुपारपर्यंत अकरा यंत्रें जाळ्यावर आलीं. बारावें कोपऱ्यांत जाड भिंतीआड होतें, तेथें लहरी पोंचत नव्हत्या. तें खिडकीपाशीं हलविलें. समितीचे सभासद येऊन पाहून गेले, आणि भंगारवाल्यास निरोप धाडला.

ड्रायव्हरचा पाठ सर्वांस खुला असल्यानें त्या चार ओळी त्याच्या रखवालदारांकडे पाठविणें योग्य होतें. अशी दुरुस्ती निनांवी पाठवीत नाहींत. मुलीच्या वडिलांची संमति घेऊन माजी विद्यार्थ्यानें आपल्या नांवाशेजारीं तिचें नांव घातलें, आणि दोष कोणत्या यादीनें उघडा पडतो तें चार वाक्यांत लिहिलें. तीं वाक्यें मुलीनें आधीं मराठींत लिहून दिलीं होतीं. चौथ्या दिवशीं उत्तर आलें. त्यांत दोनच शब्द होते, 'स्वीकारलें, आभार'.

सध्यां मधल्या सुटींत व शाळा सुटल्यावर दहावीचीं मुलें त्या खोलींत अर्ज भरण्याचा सराव करतात. प्रत्येकास पंधरा मिनिटें मिळतात. आपलें नांव शाळेच्या दाखल्यावर आहे तसेंच, अक्षर न चुकवितां टंकित करणें हा पहिला धडा. त्यांत अजून पुष्कळांची गाडी अडते. पाळ्यांची वही नववींतील त्या मुलीकडे असते, व खिडकीपाशींच्या बाराव्या यंत्रावर बसण्यासाठीं भांडणें होऊं लागल्यामुळें तिनें त्या यंत्राची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरविण्याचा नियम केला आहे.